नाल्याचं पाणी पास

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खुशालने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अर्धा किलो हिरडा कुटला, उकळला, गाळला आणि तपकिरी बाटलीत भरला. बाटलीला चिठ्ठी डकवताना त्याने विचारलं, "सर, 'हिरड्याचा काढा' असंच लिहू ना?"

डॉ. गुणवंतराव हे त्याचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हिरडा म्हटलं की लोक म्हणतील, हा तर आमच्या घरी पोत्यानं आहे. मग विज्ञान कुठं राहिलं? 'द्रावण क्रमांक चार' लिही."

खुशालने लिहिलं. तो स्वतः गोंडपिपरीकडचा. त्याच्या आईने जंगलात हिरडा वेचून त्याला शिकवलं होतं. पण मार्गदर्शकाशी वाद घालून कुणाची पीएच.डी. झाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

१९८७ चा फेब्रुवारी संपत आला होता. कोसमटोल्याच्या शाळेपुढे सारं गाव जमलं होतं. तीन वर्षांपूर्वी नाल्याच्या पाण्याने गावात हगवण लागली, चार माणसं गेली, तेव्हा सरकारने बोरिंग खोदून दिलं. त्या पाण्याला लोखंडाची चव. लोक नाकं मुरडत. नर्सबाई सत्यशीला दारोदार फिरली, भांडली, आणि गाव एकदाचं बोरिंगवर आणलं. पाण्याला अशी चव का येते, एवढंच विद्यापीठाची मंडळी सांगणार होती.

सरांनी बोरिंगचं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं. खुशालने चार नंबरचं द्रावण ओतलं. पाणी काळं झालं.

"बाप्पा!" बायका मागे सरकल्या.

"हे लोह आहे. अपायकारक नाही," सर म्हणाले. पण ते वाक्य गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढे बसलेला म्हातारा देवाजी उठला. "साहेब, आता नाल्याचंबी पाहून घ्या ना जी."

कुणीतरी धावत जाऊन लोटा भरून आणला. खुशालने बाटली मागे ओढली. पण सर उत्साहात होते. द्रावण पडलं. नाल्याच्या पाण्याला नुसता पिवळसर रंग आला.

"नाल्याचं पानी पास!" देवाजी ओरडला. "बोरिंग नापास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्यशीलाबाई उभी राहून हात हलवत होती, "अहो, जंतू ह्या बाटलीनं दिसत नाई!" पण जीप वन खात्याची, ती पाचला आलापल्लीला परत करायची होती. सरांनी टाळ्या स्वीकारल्या आणि ते जीपमध्ये बसले.

पाचव्या दिवशी विभागात पोस्टकार्ड आलं. 'आपण विज्ञान सांगितलंत, आभार. गाव नाल्यावर गेलं आहे. आता येऊन परत आणावं. सत्यशीला, नर्स.'

सरांना परिसंवाद होता. "तू जा," ते म्हणाले. "तुझी भाषा त्यांना कळते."

खुशाल एसटीने गेला. बोरिंगभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं; चार घरं तेवढी काटे सारून पाणी भरत. त्याने गाव जमवलं आणि समजावलं, लोखंड रक्ताला चांगलं असतं.

"चांगलं हाये तं तुमी प्या ना जी," देवाजी म्हणाला. "थेच, काळं."

खुशाल पेटला. त्याने दोन ग्लास बोरिंगचं पाणी घेतलं, त्यात सढळ हाताने द्रावण ओतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला. "पाहा! काई झालं मले?"

तेव्हा काही झालं नाही. हिरडा पोट साफ करतो, हे रागाच्या भरात त्याच्या डोक्यातून गेलं होतं. दुपारी मात्र तो शाळेच्या ओसरीवरून लोटा घेऊन पळाला. परत आला, बसला, पुन्हा पळाला. देवाजी पारावर बसून बोटांवर मोजत होता.

"सहावी खेप," त्याने जाहीर केलं. "शिकलेला मानूस हाये, पन बोरिंगनं त्यालेबी सोडलं नाई."

उरलेली चार घरंही नाल्यावर गेली.

दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्या सुगंधाबाईला उलट्या आणि हगवण सुरू झाली. बैलगाडीतून तिला गोंडपिपरीच्या दवाखान्यात नेलं. गाडी जाताना खुशाल भिंतीला टेकून उभा होता. 

"नर्सबाई," तो म्हणाला, "मी कायले आलो इथी?"

"थे जाऊ द्या. त्या शिशीत हाये काय, थे सांगा."

"हिरडा."

सत्यशीलाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "निरा हिरडा? दुसरं काई नाई? आन थे तुमी पहिल्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

 तिने तिथल्या तिथे बायकांना हाका मारल्या. लोखंडी कढईत हिरडा शिजत ठेवला. पाणी काळं झालं.

"यात का नवं हाये?" त्यातली मंगली म्हणाली. "लोखंडात हिरडा काळाच होते. आन थो पेल्यावर झाड्यालेबी होते."

"मंग ह्या साहेबानं थोच पेला, आन थोच बोरिंगच्या पान्यात टाकला होता," सत्यशीलाबाई म्हणाली. "बोरिंगात लोखंड हाये, नाल्यात नाई. इतकीच गोष्ट."

तासाभरात काटे निघाले. देवाजीने स्वतः हँडल मारलं. खुशालला हसावं की रडावं कळेना. इतकं सोपं होतं ते.

तो सरळ दवाखान्यात गेला. सुगंधाबाईला सलाईन लावलं होतं. चेहरा सुकलेला, पण डोळे उघडे होते. खुशाल स्टूलवर बसला.

"आजी, माफ कर. हे माह्यामुळं झालं. त्या शिशीत हिरडा होता."

"मालूम हाये."

"नर्सबाईनं सांगतलं?"

"नाई गा. त्याच दिवशी वास आला ना मले. जिंदगी गेली हिरडा येचता येचता."

खुशाल थक्क झाला. "मंग बोलली काऊन नाई?"

म्हातारीने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "बोरिंगवर घागर-गुंड लावला, भरला, चालले घरी. बोलाले सवड नाई. नाल्यावर सावली राह्यते, बसाले दगड हाये. तीन सालापासून माह्या मैतरीन रुखमाबाईसंग दोन गोष्टी झाल्या नोयत्या. तू शिशी ओतली, आन आमाले आठ रोज भेटले." तिने सलाईनच्या नळीकडे पाहिलं. "मले वाटलं, थोड्या रोजात नाल्याच्या पान्यानं काई नाई होत. थेवढं चुकलं."

तो क्षमा मागायला आला होता. इथे त्याचेच आभार मानले जात होते.  त्याने तिच्या अंगावरची चादर उगाच नीट केली.

"बाबू," तिने त्याचं मनगट धरलं, "नर्सबाईले नको सांगू. लय राबली थे बाई आमच्यासाठी. तिले वाईट वाटंल."