साळवे काकांचे साडेचार तास

गोल्फच्या बॅगेत चौदा स्टिका ठेवायची मुभा असते. साळवे काका सातच ठेवतात. उरलेल्या जागेत अर्धा किलो लवंगेची शेव, चहाचा मोठा थर्मास, कागदी कप आणि एक वर्तमानपत्र असतं. वर्तमानपत्र वाचायला नाही, पाहुणा आला तर त्याच्याखाली अंथरायला. आता गोल्फच्या मैदानावर पाहुणा कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

काका आमच्याच इमारतीत, इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये, खालच्या मजल्यावर राहतात. जन्म गेला पॉलिटेक्निकात इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात. आजोबा महूला फौजेत होते आणि वडील तिथल्याच लष्करी गोल्फच्या मैदानावर गवत कापायचे. काकांनी हा खेळ लहानपणी तारेच्या कुंपणाबाहेरून पाहिला. त्यामुळे शहराबाहेर नवं आलिशान मैदान झालं आणि फाटकावर ‘पब्लिक गोल्फ कोर्स’ अशी पाटी लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात काका स्कूटरवरून तिथे हजर. वॉचमननं विचारलं, “मेंबर हो क्या?”

“पब्लिक हूँ,” काका म्हणाले आणि आत गेले.

मी साताऱ्याचा. नोकरीसाठी इंदूरला आलो. आमचे बडे साहेब गोल्फ खेळतात, म्हणून बढतीच्या आशेनं मीही शिकायला लागलो. बढती साहेबांच्या भाच्याला मिळाली, गोल्फ माझ्याकडे राहिला. या खेळात माझी प्रगती काय असेल ती असो, पण मी घड्याळाचा माणूस आहे. कुठल्याही समारंभाला मी वेळेवर जातो आणि खुर्च्या मांडणाऱ्यांना मदत करून परत येतो.

मैदान कसलं, सासुरवास आहे तो. तिसऱ्या होलला मधोमध नाला. सातव्याला असं वळण की खळग्यावरचा झेंडा दिसतच नाही, नुसता विश्वास ठेवून मारायचं. बाराव्याला वाळूचा खड्डा एवढा खोल की आत उतरलेला माणूस बाहेरच्यांना फक्त ऐकू येतो. आणि सोळाव्याला तळं. चांगले चांगले लोक तिथे बॉल अर्पण करून पुढे जातात.

काका या मैदानावर ड्रॉइंग काढल्यासारखे खेळतात. एक डोळा मिटतात, खिशातली पेन्सिल हातभर लांब धरून कोन पाहतात, मान हलवतात, पुन्हा पाहतात. मग मारतात, आणि बॉल भलतीकडेच जातो. “कोन बरोबर होता,” काका म्हणतात. “बॉलनं ऐकलं नाही.”

बॉल माणसांच्या दिशेनं निघाला तर ‘फोर!’ ओरडायची पद्धत आहे. काकाही सुरुवातीला ओरडायचे. एकदा त्यांनी जीव तोडून ‘फोर!’ म्हटलं, तर झाडाखाली बसलेले चार माळी जीव वाचवायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, चौका गेला. बॉल एकाच्या टोपीवरून गेला तरी तो टाळ्याच वाजवत होता. तेव्हापासून काका इंदुरी थाटात “सरको भिया!”, म्हणजे सरका भाऊ, म्हणतात, आणि सगळं मैदान सरकतं.

पण खरी भानगड निराळीच होती. मागून येणारे लोक भराभर खेळत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्यावं, असा या खेळाचा शिष्टाचार आहे. काकांनी तो वाचला आणि आपल्या पद्धतीनं अमलात आणला.

“या, या! निघा तुम्ही पुढे, आम्हाला काय घाई आहे? टेन्शन काय को? पण बैठो तो सही, जरा शेव घ्या. मूळ कुठले आपण?”

हा शेवटचा प्रश्न घातक. समोरचा म्हणतो, बुऱ्हाणपूर. काकांची आतेबहीण बुऱ्हाणपूरला दिलेली असते. समोरचा म्हणतो, धार. धारच्या पोरांना काकांनी शिकवलेलं असतं, त्यांची नावं निघतात, त्यातला एखादा समोरच्याचा मेहुणा ठरतो. तोवर त्यांच्या मागचे लोक येऊन ठेपतात. वर्तमानपत्राची आणखी एक घडी उलगडते. एका रविवारी मी मागून पोचलो तर सातव्या होलपाशी कडुनिंबाखाली एक डॉक्टर जोडपं, तीन कापडवाले, एक कॅप्टनसाहेब आणि कुठल्याशा कंपनीचे पाच जण मांडी घालून शेव खात होते, आणि त्यांचे बॉल गवतात आपापल्या जागी बेवारस पडले होते.

तक्रार जायचीच होती, ती गेली. मैदानाच्या मॅनेजर बाईंनी काकांना ऑफिसात बोलावलं. बाई चांगल्या आहेत, पण त्यांनाही वरून बोलणी खावी लागतात.

“साळवेजी, आपसे किसी को शिकायत नहीं है। आपकी शेव से है,” त्या म्हणाल्या. “पूरा कोर्स रुक जाता है।”

त्यांनी नियम दाखवला. अठरा होल साडेचार तासांत. पुढच्या रविवारी तेवढ्या वेळात झाले तर ठीक, नाहीतर काकांना रविवार बंद. मग खेळायचं ते मंगळवारी, दुपारी तीननंतर.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. चहा घेतला, पण माझ्या बायकोला, मेघनाला, साताऱ्याची खुशाली विचारली नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“तांबे भिया, मंगळवारी दुपारी तिथे कोण असतं? मी आणि टिटव्या. टिटवीला काय विचारणार, मूळ कुठली?” हसायचा प्रयत्न त्यांनी केला, तो जमला नाही. “तुम्ही या ना रविवारी माझ्याबरोबर. घड्याळ तुम्ही सांभाळा. मी फक्त खेळतो.”

मी गेलो. साडेसहाला पहिला बॉल मारला, म्हणजे अकराच्या आत शेवटचा होल. शेव मी गाडीच्या डिकीत ठेवायला लावली होती. थर्मासही. काका हलक्या झालेल्या बॅगेकडे बघत चालत होते. बोलत नव्हते, त्यामुळे खेळ मात्र सुधारला. नऊ होल दोन तास दहा मिनिटांत. मी खूश झालो आणि नको तेव्हा खूश व्हायची शिक्षा लगेच मिळाली. बाराव्याच्या वाळूत काका उतरले आणि बराच वेळ वरच आले नाहीत. आतून फक्त “एक... दोन... तीन...” असं ऐकू येत होतं. काका आपला एकही फटका लपवत नाहीत. सातव्या फटक्याला वाळू, बॉल आणि काका असे तिघे बाहेर आले. पंधराव्याला उंच गवतात बॉल हरवला. शोधताना काकांना दुसऱ्यांचे तीन सापडले, आणि ते ज्याचे त्याला पोचवू या म्हणायला लागले. मी अक्षरशः दंडाला धरून ओढलं.

सोळाव्याचं तळं मात्र काकांनी एका फटक्यात पार केलं. पेन्सिल न काढता. आम्ही झेंड्यापाशी पोचलो, दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि मागून, तळ्यापलीकडून, खणखणीत आवाज आला:

“च्यायला! गेला पाण्यात!”

काका जागच्या जागी थांबले.

“भिया,” ते हळूच म्हणाले, “अपना आदमी.”

“काका, दोन होल राहिलेत.”

“नुसतं गाव विचारतो ना. एका शब्दाचं तर उत्तर असतं.”

“तुमचं गाव कधी एका शब्दात संपलंय का?”

त्यांनी तळ्यापलीकडे पाहिलं. तिकडे दोन माणसं होती, एकानं टोपी काढून जमिनीवर आपटली होती. काकांचा हात हाक मारायला वर गेला, तसाच खाली आला, आणि ते मुकाट्यानं पुढे चालायला लागले. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. माठापाशी आलेल्या तहानलेल्याला मी मागे ओढलं होतं. पण घड्याळ माझ्याकडे होतं.

अठराव्या होलला शेवटचा फटका राहिला तेव्हा बॉल खळग्यापासून वीतभरावर होता. काकांचा हात खिशाकडे गेला.

“काका, पेन्सिल नको!” मी ओरडलो. दचकून त्यांनी मारला आणि बॉल टपकन आत पडला. दहा वाजून एकोणपन्नास मिनिटं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी असा काही आरडाओरडा केला की मॅनेजर बाई ऑफिसातून बाहेर आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचाही चेहरा मोकळा झाला.

“संडे आपका, साळवेजी। बस, शेव पार्किंग में खिलाइए।”

काकांनी हात जोडले. मग ते बाकावर बसले, बुटांच्या नाड्या सैल केल्या, आणि बसूनच राहिले. मी सामान आवरलं, घाम पुसला, पाणी प्यायलो. काका हलेनात.

“काय काका, जिंकलो ना आपण!”

“हो ना. बढिया झालं.” मग माझ्या घड्याळाकडे बघून म्हणाले, “अकरा पण नाही वाजले हो.”

मला आधी कळेना, यात दुःख कसलं.

“तुमची काकू, सुलू, होती ना, तर रविवारी उशीर झाला की दारातच सुरू व्हायची. ‘आलात? मग तिथेच राहायचं होतं की!’ मी मुद्दाम दहा मिनिटं जास्तीची लावायचो. तेवढं ऐकायला.” ते बुटाकडे बघत होते. “आता केव्हाही जा. अकराला जा, चारला जा. उशीर व्हायलासुद्धा कोणीतरी लागतं, भिया.”

इतके महिने मी या माणसाची चेष्टा करत होतो, त्याची मला लाज वाटली. मी फोन काढला, मेघनाला लावला, आणि काकांना ऐकू जाईल असा धरला.

“ऐक, काका जेवायला येतायत आपल्याकडे.”

“येऊ देत ना. पण बाराला पानं घेणार आहे मी, बारा म्हणजे बारा. उशीर केलात तर दोघांनाही बोलणी बसतील, काकांना सांग तसं.”

मी फोन ठेवून वळलो तर बाक रिकामा. काका सुटलेल्या नाड्यांसह बॅग खांद्यावर टाकून पार्किंगच्या अर्ध्या वाटेवर पोचले होते.

“चला ना भिया!” ते मागे न बघताच ओरडले. “काय बसून राहिलात? पोरगी रागावेल ना!”

मी त्यांच्यामागे धावत सुटलो.