मेश्राम मॅडमचा गॅस

"माझा गॅस आत पडून राहिला!" असं ओरडत मेश्राम मॅडम एका सकाळी जिना उतरल्या, तेव्हा आमच्या धायरीच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोखले अर्धी दाढी तशीच ठेवून मेन स्विच बंद करायला धावले. मॅडम तेव्हा नव्यानंच राहायला आल्या होत्या. त्यांचा गॅस आकाशगंगेतला असतो, हे आम्हाला कळायला वेळ लागला.

मॅडम मूळच्या नागपूरच्या, खगोलशास्त्रज्ञ. कॉम्प्युटरवर विश्व तयार करायच्या. प्रत्येक आकाशगंगेभोवती न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा अवाढव्य गोळा असतो, त्याला त्या 'हेलो' म्हणायच्या. फोनवर "माझा हेलो" म्हणाल्या, की पलीकडचा नुसता "हॅलो, हॅलो" करत बसायचा.

त्यांचे वरिष्ठ फक्त कृष्णद्रव्याचंच विश्व बनवत. साधा वायू आणि तारे त्यामानानं थोडेच, ते धरले की गणित फार लांबतं. मॅडमना ते पटत नसे. "थोडे आहेत म्हणून मोजायचेच नाही का जी?"

शेवटी त्यांनी गॅस घातलाच. छोट्या आकाशगंगेत तो आत पडला, त्याचे तारे झाले. त्यातले काही फुटले आणि उरलेला गॅस बाहेर फेकला गेला. असं पुन्हा पुन्हा झालं, आणि त्या हिसक्यांनी कृष्णद्रव्याचा घट्ट गाभा चक्क सैल झाला. वरिष्ठ म्हणाले, प्रोग्रॅम चुकलाय.

मी हिंजवडीत लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. मॅडम सरळ माझ्याकडे आल्या. "शोधा. सापडली तर मी गप्प बसते."

कित्येक रविवार आम्ही माझ्या घरी त्यावर घालवले. चूक सापडेना. मग मी ताऱ्यांचे स्फोट तेवढे बंद करून पाहिले. गाभा घट्टच राहिला. स्फोट चालू केले, गाभा सैल झाला. म्हणजे चूक नव्हतीच, करामत स्फोटांची होती.

मॅडमनी माझ्या बायकोला मिठी मारली आणि मग जिन्यातल्या प्रत्येक दाराची बेल वाजवली. गोखल्यांनी सगळं ऐकून घेतलं. "स्फोट सोसायटीच्या हद्दीबाहेर होतात ना? मग अभिनंदन."

आमच्या घरी परतल्यावर मॅडमनी आम्हा दोघांसमोरच नागपूरला वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू.

"बाबा, मी बरोबर निघाली." मग वायू, तारे, गाभा, सगळं एका दमात सांगितलं. "समजून राहिलं ना?"

"नाही बेटा," म्हातारा आवाज म्हणाला. "पण पुन्हा सांग."

मॅडमनी फोनवर हात ठेवला. "आई गेल्यापासून घरात त्यांना कोणाचा आवाज नाही," त्या आम्हाला हळूच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून नीट बसल्या.

"बाबा, अगदी सुरुवातीला ना, काहीच दिसत नव्हतं..."