विकलेल्या शेळीची साक्ष

उदगीरला जायचं नाही असं अनिलकुमारनं ठरवलं आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

खरं म्हणजे काम एवढंसं होतं. बायकोच्या, तुळजाच्या, शिलाई मशीनला मोटर बसवायची. कर्नाटकाच्या हद्दीतल्या औरादहून सकाळची बस धरली असती तर दुपारच्या भाकरीला माणूस मोटरीसकट घरी आला असता. पण अनिलकुमार पडला कॉलेजातला क्लार्क, आणि तोही आवक-जावक सांभाळणारा. कागदावर एकदा नंबर पडला की कागद हरवत नाही, ही त्याची श्रद्धा. (त्याच्या टेबलावरनं कागद हरवायचे, नाही असं नाही. पण नंबरासकट हरवायचे.)

"उदगीरला कोन जायलंय हेलपाटे घालायला," तो म्हणाला. "मोबाईलवर मागवतो. पार्सलला नंबर असतंय. कुठं निघालं, कुठं थांबलं, समदं घरबसल्या दिसतंय. तुझ्या उदगीरच्या दुकानदाराला इचार बरं, मोटर कुठवर आली म्हनून. सांगंल का त्यो?"

"त्याच्या तर हातातच असती की मोटर," तुळजा म्हणाली.

हे उत्तर बिनतोड होतं, म्हणून त्यानं ते ऐकलं नाही.

आता तुळजाची घाई कशासाठी, तेही सांगून टाकतो. गल्लीच्या टोकाला चन्नम्मा राहते, अडत दुकानवाल्या माणिकरावांची बायको. तिच्या लेकीचं लग्न ठरलेलं, आणि त्या लग्नाचे बत्तीस ब्लाऊज तुळजाकडं आलेले. एवढी मोठी ऑर्डर तुळजाला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. तोवर बायका तिच्याकडं यायच्या त्या साडीला फॉल लावायला. बत्तिसातले अकरा ब्लाऊज तिनं पायडल मारमारून शिवले आणि उजवा गुडघा सुजवून घेतला. ही ऑर्डर हातची गेली असती तर जन्मभर फॉलच लावत बसावं लागलं असतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी मोबाईल वाजला. तुमचे पार्सल पोहोचले आहे. अनिलकुमारनं कॉलेजातूनच घरी फोन लावला.

"आलं ना?"

"काय?"

"पार्सल."

"न्हाई."

"आलंय ते. मोबाईल म्हनायलाय, आलंय म्हनून."

"मग मोबाईलच्या घरी आलं असंल," तुळजा म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यानं घर धुंडाळलं. खाटेखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, शेवटी पिठाच्या डब्यात हात घातला. त्याची आई अनसाबाई दारात शेळ्यांना पाला टाकत होती. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेलं. मेंढरं गेली, पण दोन शेळ्या तिनं सोडल्या नव्हत्या. "पिठात कोन टाकून जातंय रे मोटर?" एवढंच ती म्हणाली.

मग तक्रार. अनिलकुमारनं ती कंपनीच्या चॅटवर लिहिली, आणि लिहिली ती अशी: वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. पलीकडून तत्काळ उत्तर आलं, "नमस्कार, मी तुमची मदतनीस. आज तुम्हाला काय खरेदी करायला आवडेल?" त्यानं स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. मदतनिसानं त्याला कुकर दाखवले. दिवे लागेपर्यंत प्रकरण स्मरणपत्र क्रमांक चारवर आणि मिक्सरवर पोचलं होतं.

रविवारी सकाळी मात्र पक्कं उत्तर आलं, खाली एक फोटोही होता. तुळजानं ते मोठ्यानं वाचलं. "ग्राहकाने फोनवर दिलेल्या सूचनेनुसार पार्सल शेळीजवळ ठेवले. पुरावा सोबत जोडला आहे. तक्रार बंद."

वाचून तिनं मोबाईल खाली ठेवला. "ही सूचना कुनी दिली?"

अनिलकुमारला तेव्हा कुठं आठवलं. शनिवारी तो प्राचार्यांसमोर फाईल घेऊन उभा असताना एक फोन आला होता. "सर, टाकीजवळ आलोय. कोन्तं घर?" आणि प्राचार्यांना आपला वट दिसावा म्हणून हा भारदस्त आवाजात म्हणाला होता, "शेळी बांधल्याली दिसती का? मग तितंच ठेवा."

त्याच्या परीनं त्याचं काही चुकलं नव्हतं. दारात शेळ्या होत्याच. पण तुम्हीच सांगा, औरादात शेळीच्या खुणेवर घर सापडतं का? दर तिसऱ्या दारात एक शेळी उभी असते. त्यात पाण्याच्या टाक्या दोन, जुनी आणि नवी, आणि जुन्या टाकीजवळ राहणाऱ्या ह्या गृहस्थानं पत्त्यात नुसतं 'टाकीजवळ' लिहिलेलं.

"मज्जा हाय," तुळजा म्हणाली. तिला मज्जा वाटत नव्हती, हे गुडघा चोळायच्या पद्धतीवरून कळत होतं.

फोटोत एक दगडी उंबरा होता, उंबऱ्यावर खोकं आणि कडेला अर्धी शेळी. उंबरा आपला नाही हे तर दिसतच होतं. मग कुणाचा? सोमवारी अनिलकुमारनं रजा टाकली आणि तो उंबरे तपासायला निघाला. प्रत्येक दारासमोर वाकायचं, मोबाईलमधला उंबरा बघायचा, समोरचा बघायचा, एक फोटो घ्यायचा, पुढं सरकायचं. तिसऱ्या घरी एका बाईनं विचारलं, "कसला सर्वे हाय, सायेब?" हा आपल्या नादात म्हणाला, "उंबऱ्याचा."

झालं. गावात बातमी पसरायला काय लागतं. सरकार जुने उंबरे बदलून द्यायलंय म्हणे. दहाव्या घरापर्यंत त्याच्यामागं रेशनकार्डं घेऊन रांग लागली. एक म्हातारा आधारची झेरॉक्स त्याच्या खिशात कोंबून गेला. कुणी म्हणे आमचा उंबरा फोटोत नीट आला नाही, परत काढा. एका घाईच्या माणसानं तर दुपारच्या आत पहारीनं जुना उंबरा उपटून बाजूला ठेवला आणि नवा कधी येणार म्हणून ह्याची कॉलर धरली. अनिलकुमार पळत घरी आला. उंबरा काही सापडला नाही.

घरी चन्नम्मा येऊन बसली होती. तिनं चहा घेतला, तुळजाच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग सांगितलं, "हे बघ तुळजा, माझ्या लेकीचं लगीन हाय. बुधवारी सांजच्याला येते. मशीनला मोटर दिसली तर बरं. न्हाईतर कापडं उचलून बिदरच्या टेलरला देते. राग मानू नगंस."

तुळजा व्हय म्हणाली. चन्नम्मा गेल्यावर ती कापडाच्या ढिगाकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. अनिलकुमारला स्वतःची शरम वाटली. (ती त्याला तशी क्वचितच वाटायची, म्हणून मुद्दाम सांगतो.)

मंगळवारी सकाळी अनसाबाई म्हणाली, "त्यो फोटो मला कामून दाखवला न्हाई?"

"माय, मोबाईलमधलं हाय ते. तुला काय कळायलंय त्यात?"

"शेळी हाय म्हनता ना त्यात?"

तुळजानं फोटो मोठा करून सासूच्या हातात दिला. अनसाबाईनं मोबाईल लांब धरला, जवळ घेतला, परत लांब धरला. "कान दाखीव गं." तुळजानं कान मोठा केला.

"ह्यो आपला कान हाय," अनसाबाई म्हणाली.

"माय, शेळीचा हाय त्यो."

"व्हय रे शहाण्या, आपल्या शेळीचा. डाव्या कानाला वरनं दोन खाचा, मधी भोक. ही खून आपल्या घरची. तुझा बाप जलमभर ह्याच खाचा मारायचा, त्याच्यामागं मी मारते. दुसऱ्या कुनाच्या जितराबाला असल्या खाचा न्हाईत. ही चांदी. दोन वर्सांमागं बाजारात इकली, नव्या टाकीजवळच्या कमलम्माला."

"दोन वर्सांमागचा कान ध्यानात ऱ्हातो?"

"तुला धाव्वीला किती मार्क पडले ते इसरले मी. शेळीचा कान न्हाई इसरत."

तुळजा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. लगोलग अनिलकुमार स्कुटी घेऊन नव्या टाकीकडं जाऊन आला, पण कमलम्माच्या दाराला कुलूप. ती पाहुण्यांकडं गेली होती, बुधवारी येणार होती. म्हणजे सगळं गेलं अगदी शेवटच्या दिवसावर.

बुधवारी सकाळी तो आईला मागं बसवून निघाला. "मोटर घेऊनच या," तुळजानं बजावलं, "न्हाईतर आल्यावर पायडल तुमीच मारा."

कमलम्माच्या दारात फोटोतला उंबरा होता, आणि बाजूच्या लिंबाला चांदी. अनसाबाईनं जिभेनं नुसता टकटक आवाज केला, तशी ती शेळी दोर ताणून तिच्याकडं आली आणि पदरात तोंड खुपसून उभी राहिली. कमलम्मा बाहेर आली. खोकं तिच्याकडंच होतं. घरातल्या कपाटावर, शेळीचं तोंड पोचणार नाही असं ठेवलेलं, वरून हळदकुंकू लावलेलं.

"माझ्या लेकानं, धनराजनं, हैदराबादहून धाडलं वाटलं," ती म्हणाली. "त्यो म्हनला, म्या न्हाई धाडलं. मग नाव बघावं तर नावाचा कागद चांदीनं खाल्लेला. कुनाचं म्हनून कुनाला देऊ?"

"आमचं हाय," अनिलकुमार म्हणाला आणि त्यानं मोबाईल पुढं केला.

"मोबाईलात काय बी दिसतंय. आज तुमी आलात, उद्या खरा मालक आला मंजी? कंपनीवाल्यानं सांगू द्या, मग देते."

बाईचं म्हणणं सरळ होतं. मग कंपनीला फोन. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर सुधारानी नावाच्या कुणी बाई आल्या, थेट बेंगळुरूहून. पुढचं सगळं कन्नडात झालं, पण तुमच्या सोयीसाठी आपल्या भाषेत सांगतो.

"सर, तुमची तक्रार बंद झालेली आहे. पार्सल तुम्हाला मिळालं आहे."

"मॅडम, ते मला दिसतंय, पण मिळालेलं नाही."

"दिसतंय म्हणजे मिळालं ना, सर?"

"दुसऱ्याच्या कपाटावर दिसतंय."

"तुम्ही ते दुसऱ्याच्या कपाटावर का ठेवलं, सर?"

अनिलकुमारनं 'वरील विषयास अनुसरून' सुरू केलं, तेव्हा अनसाबाईनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"बाई, तुमच्या कागदात काय लिहिलंय? पार्सल शेळीजवळ ठेवलं, हो ना?"

"हो, अज्जी."

"कुणाच्या शेळीजवळ?"

"तुमच्याच. तुमच्या मुलानंच तसं सांगितलं होतं."

"ती शेळी मी दोन वर्षांमागं विकली. विकलेली शेळी माझ्या दारात कशी उभी राहील, तेवढं सांगा."

एवढ्या मोठ्या कंपनीत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा.

"फोटोतली शेळी तीच कशावरून, अज्जी?"

"कानावरून." आणि अनसाबाईनं दोन खाचा, मधलं भोक, सगळं समजावून सांगितलं. "आत्ता कानाचा फोटो धाडते. तुमच्या फोटोशेजारी ठेवून बघा."

अनिलकुमारनं चांदीचा कान धरून फोटो काढला. तेवढ्यात चांदीनं त्याच्या बाहीचं बटण खाल्लं. फोटो गेला. परत गाणं लागलं. कमलम्मा, अनसाबाई आणि शेळी, तिघी शांत उभ्या होत्या. एकट्या अनिलकुमारला घाम फुटला होता.

"अज्जी," सुधारानीचा आवाज आता वेगळाच येत होता, "कान तोच आहे. माझ्या आजोबांचीही मेंढरं होती, चित्रदुर्गाकडं. ते एकच खाच मारायचे."

"एक खाच भरून येते गं बाई. दोन मारायच्या."

मग पाच मिनिटं दोघी मेंढरांवरच बोलल्या. शेवटी सुधारानीनं कमलम्माला खोक्याच्या बुडाचा नंबर वाचायला लावला. शेळी तिथवर पोचली नव्हती, त्यामुळे नंबर शाबूत होता. नंबर जुळला.

"पार्सल चुकीच्या शेळीजवळ ठेवण्यात आलं, चूक कंपनीची आहे, असं मी लिहिते," सुधारानी म्हणाली. "खोकं अज्जींना देऊन टाका."

कमलम्मानं खोकं खाली काढलं आणि अनसाबाईच्या ओटीत घातलं. अनिलकुमारला त्या घडीला आईचा असा अभिमान वाटला की तो भर रस्त्यात तिच्या पाया पडला.

संध्याकाळी चन्नम्मा कापडं न्यायला मोठी पिशवी घेऊन आली, तेव्हा घरातून मशीन घरघरत होतं. तुळजा सुजलेला पाय पसरून, दुसऱ्या पायाच्या नुसत्या अंगठ्यानं मोटरीचं बटण दाबून बाही जोडत होती आणि राणीसारखी दिसत होती. चन्नम्मानं पिशवीची घडी घालून काखेत मारली. बत्तिसावा ब्लाऊज मुदतीच्या एक दिवस आधी तयार झाला. तुळजाकडं अजून दोन लग्नांची कापडं येऊन पडली.

कॉलेजात मात्र अनिलकुमार हीच गोष्ट रोज सांगू लागला, आणि दर खेपेला त्यातली अनसाबाई थोडी थोडी कमी होत गेली. लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत कान त्यानंच ओळखला होता आणि कंपनीला कन्नडात त्यानंच वाकवलं होतं.

लग्नाला हा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून गेला. अक्षता पडल्या, आणि माणिकरावांनी माईक हातात घेतला. लेकीच्या लग्नाची अब्रू राखणाऱ्यांचा सत्कार होता. तुळजाला साडी. अनसाबाईला साडी आणि नारळ. पार्सल जपून ठेवलं म्हणून कमलम्मालाही साडी. टाळ्यांनी मांडव दणाणला.

अनिलकुमारनं केसांवरून हात फिरवला. आणि खरंच नाव पुकारलं गेलं.

"कॉलेजचे क्लार्क अनिलकुमार, असतील तितून लगेच मंचाकडं यावं."

तो उठला. ओळखीच्यांकडं मान डोलवत, घाई न करता, बायकांच्या बाजूनं मुद्दाम वळसा घालून मंचावर चढला आणि टॉवेल-टोपीसाठी माणिकरावांसमोर मान वाकवून उभा राहिला.

"केए अडतीस, पांढरी स्कुटी तुमचीच ना?" माणिकराव माईकवरच म्हणाले. "स्वयंपाकाच्या वाटंत लावलीय तुमी. भाताचं पातेलं अडकलंय, काढा आदी."

मान वाकवलेलीच होती, त्यामुळे खिशातली किल्ली शोधायला सोपं गेलं.