मन्मथअप्पांचा जुना जिल्हा

आमच्या मुरुडचे कापडवाले मन्मथअप्पा लातूर जिल्हा मानत नाहीत. लातूर वेगळा जिल्हा होऊन एक पिढी म्हातारी झाली. तरी त्यांच्या दुकानाच्या पाटीवर आजही 'मु. पो. मुरुड, ता. लातूर, जि. उस्मानाबाद' असेच आहे, आणि दर दिवाळीला ते त्यावर नवा रंग चढवतात.

मी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याचा हा उघड अवमान मला समोरच्या ओट्यावरून रोज पाहावा लागतो. त्याविरुद्ध मी ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना आणि शेवटी खुद्द अप्पांना रजिस्टर पत्र पाठवले. अप्पांनी ते सही करून घेतले आणि तसेच हातात धरून माझ्याकडे आले.

"शिरस्तेदारसाहेब, अक्षर लई झकास हाय तुमचं. पण पत्ता चुकला की ओ. जिल्हा लातूर लिवलंत."

"लातूर लिहूनच पत्र पोचले, अप्पा!"

"समोरच्या घरातनं आलंय. त्यात काय नवल?"

अशा गृहस्थाबरोबर मी चीनला गेलो. व्यापाऱ्यांची सहल निघाली होती. "कागद तुमी वाचा, बाकीचं समदं मी बघतो," म्हणून त्यांनी मला ओढले. नानजिंगच्या हॉटेलात अप्पांच्या पारपत्रावर लातूर आणि त्यांनी भरलेल्या अर्जावर उस्मानाबाद! परमुलखात खोटे निवेदन!

दुसऱ्या दिवशी मंडळी बसने बाजारात गेली. आम्ही दोघे, एक इंग्रजी बोलणारी वाटाडी बाई घेऊन, पायीच शहराच्या जुन्या तटावर चढलो. सहाशे वर्षांचा तो तट डोळा पोचेल तिथवर चालला होता आणि त्याच्या पायथ्याशी अफाट तळे पसरले होते. अप्पा तटावरून वाकून त्याकडे पाहू लागले.

"एवढं पाणी," ते हळूच म्हणाले, "आन् पहाऱ्याला कुणी न्हाई."

मग त्या बाईने विटांवरची अक्षरे दाखवली. बहुतेक विटांवर प्रांत, जिल्हा, देखरेख करणारा अंमलदार आणि वीट भाजणारा कारागीर, साऱ्यांची नावे कोरलेली. वीट ठिसूळ निघाली तर कोणाला धरायचे, ते विटेवरच! इतकी नेमकी जबाबदारी मी आयुष्यात एकाही सरकारी कागदावर पाहिली नव्हती. मी नकळत टोपी काढली.

"ह्यो जिल्हा आज हाय का, इचारा," एका विटेवर बोट ठेवून अप्पा म्हणाले.

मी विचारले. ते नाव केव्हाच बदलले, असे उत्तर आले. अप्पांनी त्या विटेवर तळहात ठेवला.

"जिल्हा गेला. पण हिला हुडकत कुणी आलं, तर घावंल का न्हाई?"

"कोण येणार आहे हुडकत?" मी करवादलो.

"बसवा. धाकटा भाऊ माझा." अप्पांचा हात विटेवरच होता. "बहात्तरच्या दुष्काळात कोसभर चालून आणलेली घागर त्याच्या हातनं फुटली. मी मारलं त्याला, समद्यांदेखत. खडी फोडाया जातो, पोचलो की कार्ड टाकतो, म्हणून गेला. त्याला ह्योच पत्ता पाठ हाय, साहेब. नवा जिल्हा झालेला त्याला कोण सांगणार?"

त्या संध्याकाळी मी एक कार्ड विकत घेतले आणि पाटीवरचा पत्ता त्यावर जसाच्या तसा लिहिला, इंग्रजीत. पिनकोड जाणूनबुजून गाळला. बसवा गेला तेव्हा तो कोणाला ठाऊक होता? खाली सही केली आणि अप्पांना न सांगता पेटीत टाकले.

अडीच महिन्यांनी एका सकाळी अप्पा अनवाणीच रस्ता ओलांडून धावत आले. त्यांच्या हातातल्या माझ्या कार्डावर शिक्क्यांची दाटी झाली होती. एक कोकणातल्या मुरुडचा, एक उस्मानाबादचा.

"पोचतंय, साहेब! ह्या पत्त्यावर पोचतंय!"

आणि ते एकाएकी थांबले. कार्ड उलटसुलट करून पाहू लागले. पत्र पोचत होते. म्हणजे बसवाचेही इतकी वर्षे पोचू शकत होते. यातून निघणारा निष्कर्ष मला दिसला, तसा त्यांनाही दिसला असावा.

आजवर कोणताही मुद्दा मी नोंदवल्यावाचून सोडलेला नाही. हा सोडला.

"अप्पा," मी म्हणालो, "पाटीचा रंग उडाला आहे. उस्मानाबादमधला 'स्मा' इथून नीट वाचता येत नाही."