साठ मेमाश्या आणि एक ट्राउट

"या वर्षी ट्राउट मासा आला नाही, तर त्या होडीत मी माती भरणार आणि फुलझाडं लावणार," नोरीननं सांगितलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मॅलकीला धास्ती वाटली. चिडून बोललेलं त्याची बायको विसरायची. शांतपणे बोललेलं करून दाखवायची.

नऊ वर्षं मॅलकी रिकाम्या हातानं परतत होता. मे महिन्यात तळ्यातून मेमाश्या उठल्या की पंधरवडाभर इथल्या ट्राउटना खाण्यापुढे शुद्ध राहत नाही. जिवंत माशी गळाला लावून लांब काठीनं पाण्यावर नाचवली, तर आंधळ्याच्याही होडीत मासा येतो. मॅलकीच्या येत नाही. बिचाऱ्याला शरम वाटायची, पण शरमेनं मासा मिळत नाही.

आता पंधरवड्याचा शेवटचा दिवस उरला होता आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून त्याच सकाळी मिस्सा त्याच्या घरी होती. आमच्याकडे ही चर्चची प्रार्थना आळीपाळीनं घरोघरी फिरते. आपली पाळी आली की घराला रंग द्यायचा आणि मिस्सेनंतर साऱ्या शेजाऱ्यांना न्याहारी घालायची. नोरीननं महिनाभर घासूनपुसून घर लखलखीत केलं होतं.

"घरात एक जरी माशी दिसली, तर तू आहेस आणि मी आहे," तिनं बजावलं होतं.

मॅलकीनं आदल्या दिवशीच काठच्या झुडपांवरून साठ माश्या वेचून लाकडी पेटीत भरल्या होत्या. गोठ्यात मांजर, होडीत ऊन. नोरीन डोकावणार नाही अशी एकच जागा उरली, ती म्हणजे वेदी म्हणून मांडलेल्या टेबलाखाली, पांढऱ्या कापडाआड. मिस्सा संपली की पेटी उचलायची आणि सुटायचं, असा बेत होता.

प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून बसले. पुढेच बसलेल्या मॅलकीचा गुडघा कापडाखाली सरकला, पेटी कलंडली आणि साठ मेमाश्या वर आल्या. कापडावर, मेणबत्त्यांवर, फादर लॉर्कनच्या बाहीवर. नोरीननं मॅलकीकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले. इतकी मनापासून प्रार्थना त्यानं जन्मात केली नव्हती.

फादर थबकले. बाहीवरची माशी त्यांनी निरखली. मग उरलेली मिस्सा अशा वेगानं उरकली की म्हाताऱ्यांना 'आमेन' म्हणायला दम पुरेना.

"कुठल्या काठावरच्या रे या?" झगा उतरवताना त्यांनी विचारलं.

"पश्चिमेच्या, फादर."

"आणि वारा?"

"पश्चिमेचाच."

"मग बसलायस काय? ऊठ."

माश्या पुन्हा पेटीत गेल्या, न्याहारी ताटातच राहिली. होडीत फादर काठी घेऊन पुढे बसले. वल्ही कुणी मारायची हा प्रश्नच निघाला नाही. दुपारपर्यंत मॅलकीचे तळहात सोलवटले आणि फादरनी पाच पौंडांचा ट्राउट होडीत घेतला.

मॅलकी होडी बांधून घरी पोचला, तोवर फादर मासा दाखवून गेलेही होते.

"होडी राहू दे," नोरीन म्हणाली. "मासा आला ना तिच्यात."

मॅलकीच्या जिवात जीव आला.

"पुढच्या मेमध्ये फादर रोज येणारेत. म्हणाले, मॅलकीच्या हाताला मासा नाही, पण वल्ही काय सुरेख मारतो."

"रोज? पंधराही दिवस?"

"दर वर्षी."

मॅलकीनं आपल्या सोलवटलेल्या तळहातांकडे पाहिलं. त्याला खरंच रडू येत होतं.

"नोरीन, होडी विकून टाकूया का?"

"आता कशी विकणार? मी शब्द दिलाय."