तगरीचा बटवा उलटा शिवला गेला, त्याचे वर्तमान

सुईच्या नेढ्यातून जी सृष्टी ओवते, तिला आधी नमस्कार. शके सतराशे एकसष्ट, विकारी नाम संवत्सरे, चैत्रमासी, गौरीच्या हळदीकुंकवाचे दिवशी राणीसाहेबांचे महाली कोणी बोलेना. त्या राज्याचे नाव आता कोणत्या कागदी उरले नाही. ती शांतता मात्र उरली आहे. राणीसाहेब नजराणा म्हणून आलेला नवा बटवा हाती फिरवून पाहत होत्या, आणि मानकरणी बायकांनी पन्ह्याचे पेले ओठांपाशी नेऊन तैसेच धरिले, आणि बटवा शिवणारा भानोजी शिंपी दाराआड घामाने भिजून उभा राहिला. कारण बटवा उलटा शिवला गेला होता. हिरव्या रेशमावर पांढरी तगर भरली होती. तगरीच्या पाकळ्या चक्रासारख्या एकाच अंगास वळतात. या बटव्यावरील पाकळ्या दुसऱ्या अंगास वळल्या होत्या, म्हणजे कापडाची पाठ बाहेर आली आणि तोंड आत गेले.

ऐसे कैसे घडले म्हणाल, तर राणीसाहेबांच्या कशिदाखान्याची रीत सांगणे प्राप्त. तेथे बटवे, शेले, कमरपट्टे, जे जे म्हणून फुलांनी भरावयाचे, ते आडव्या चौकटीवर ताणीत, आणि दोन बायका एका सुईने भरीत. एक चौकटीवर बसे, ती सुई खाली सोडी. दुसरी चौकटीखाली बसे, ती सुई वर धाडी. वर मैनाबाई, खाली ठकूबाई; ऐसी चाळीस वर्षे गेली. मैनाबाईंनी पहाटे बागेत जावे, फूल दवासकट न्याहाळावे, कागदावर रेखावे, रेघेवर भोके पाडून कोळशाची पूड कापडावर झाडावी, आणि मग दोघींनी बसावे. एकमेकींचे मुख दिवसभर दिसत नसे. कापडातून बोलणे मात्र चाले. "खालतीबाई, निजलात काय?" "निजते कशाची, वरतीबाई! तुमचीच सुई वाटेत पान खात बसली." आणि वरून हसू, आणि खालून हसू, आणि मध्ये एक फूल हळूहळू उमलत जाई. ते दिवस आठवले म्हणजे हळदीत बुडविलेल्या दोऱ्याचा वास अजून येतो, आणि कापडातून झिरपून चौकटीखाली पडणारे ते दुपारचे हिरवे ऊन अजून डोळ्यांस दिसते. मानाची वस्त्रे दर दसऱ्यास मैनाबाईंस मिळत. खाली कोणी बसते, हे राज्यात फारसे कोणास ठाऊक नव्हते. ठकूबाईंनी मात्र एक व्रत धरिले होते, की पाठीस गाठ मारावयाची नाही. दोऱ्याचे टोक त्या टाक्यांखाली ऐसे दडवीत, की पाठ कोणती आणि तोंड कोणते, हे ओळखू येऊ नये. तेथेच भानोजी फसला.

मग राणीसाहेब बोलिल्या, "तगर उलटी फिरली आहे." भानोजीने दाराआडूनच हात जोडिले. "चूक पोटात घाला, सरकार! आत्ता उसवतो." "खबरदार उसवशील तर! इतकी वर्षे तुमची फुले पाहिली. सारी जणू आपल्याला कोणी पाहते आहे, ऐसी नटून बसलेली. हे फूल एकटे असताना दिसावे तैसे आहे. ही बाजू कोणाच्या हातची?" ठकूबाई खांबापाशी वाटल्या डाळीचे तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तबक खाली ठेविले आणि पदर सारखा केला. मानकरणींच्या पंक्तीस बसलेल्या मैनाबाईंनी ते पाहिले, आणि पाहूनही, चाळीस दसऱ्यांच्या सवयीने, त्यांच्या तोंडून निघाले, "माझ्याच हातची, राणीसाहेब." मग मैनाबाईंची ओल्या हरभऱ्यांनी ओटी भरली, आणि खांद्यावर शालू पडला, आणि एक मानकरीण म्हणाली, "मैनाबाई, तुम्ही उलटे केलेत तरी सुलटेच पडते हो!" आणि सारा महाल हसला. ठकूबाईंनी तबक पुन्हा उचलिले आणि डाळ वाटत फिरल्या.

दुसरे दिवशी नवे कापड ताणिले. मैनाबाईंनी सुई खाली सोडिली. ती वर आली नाही. "खालतीबाई, निजलात काय?" मग मैनाबाईंचा आवाज उतरला. "ठकू, अगं, शालू तुझ्यासाठीच आणलाय. तोंडातून निघून गेले गं." तेव्हा खालून शब्द आले, "शालू कशाला? काल मला वाटले, आज तरी वरतीबाई खाली वाकून पाहतील." आणि ठकूबाई चौकटीखालून निघाल्या, गुडघे धरून उभ्या राहिल्या, सुई कापडावर आडवी ठेविली, आणि रेखलेल्या फुलाच्या तोंडाकडे क्षणभर पाहत राहिल्या. "उद्यापासून तू वर बस," मैनाबाई म्हणाल्या, "मी खाली बसते. गाठ कशी दडवायची ते मला शिकव. राणीसाहेबांस आजच जाऊन खरे सांगते. येशील ना, ठकू?" ठकूबाईंनी पदरास चिकटलेले पांढऱ्या रेशमाचे तूस झटकिले, उंबरा ओलांडिला, आणि बागेच्या वाटेने चालत्या झाल्या.

येणेप्रमाणे वर्तमान. पुढे मैनाबाई दोन्ही हातांनी एकट्याच भरीत, आणि फुले पूर्वीसारखीच होत. परंतु त्या सालानंतरचा जो जिन्नस उलटून पाहावा, त्याच्या पाठीस गाठ आहे.