आठ भोकं आणि एक बूच

मासेमारीत काय मोठं शास्त्र आहे? एक काठी, एक दोरी, एक गळ आणि पाण्याखाली एक अडाणी मासा. नळकाका आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत होते. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरच्या गळत्या काढल्या. आता निवृत्त झाल्यावर गळतीतली ‘ती’ सोडायची आणि गळ धरायचा, एवढाच काय तो फरक!

बेत मात्र जावयाचा होता. जावई ग्रंथालयात नोकरीला. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी काकांच्या मते या माणसाच्या हाताला वळण म्हणून नाही. हे मत ते चारचौघांत बोलून दाखवत. जावई हसण्यावारी नेई. मुलगी मात्र हसत नसे. रविवारी कयाक नावाच्या एकट्यानं वल्हवायच्या होडीतून मासे धरायला जायचं ठरलं, तेव्हा तिनं बापाला बाजूला घेतलं.

“बाबा, त्यानं स्वतःहून तुम्हाला बोलावलंय. स्वतःची कयाक तुम्हाला देतोय, आणि तो मित्राची घेणार आहे. या वेळी त्याला लोकांसमोर काही बोलू नका. मला फार लागतं.”

“मी कधी काय बोलतो?” काका म्हणाले. पण मनातून ओशाळले. आपल्याकडूनही जावयाचं काहीतरी भलं व्हावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. सगळा घोटाळा त्या भलेपणानंच केला.

शनिवारी दुपारी ते मुलीकडे गेले. जावई कामावर, मुलगी बाहेर, आणि मागच्या अंगणात कयाक. लांबलचक, प्लॅस्टिकची, वर माणूस बसायला खोलगट जागा. काकांनी वाकून पाहिलं. त्या बसायच्या जागेत थेट तळापर्यंत आरपार भोकं होती. एक नाही, दोन नाही, आठ!

बिचाऱ्याला दुकानदारानं चक्क गंडवलं होतं. सांगायला जावं तर जावयाला बोलल्यासारखं होणार. तेव्हा काकांनी गुपचूप दुरुस्ती करायचं ठरवलं. भोकं घासली, पुसली, आणि पाण्यात टिकणारी पुट्टी वरून-खालून दाबून भरली. मग मागच्या टोकाला एक लहानसं काळं बूच दिसलं, घट्ट पिळून बसवलेलं. आता मोरीला एक तरी निचरा लागतोच की नाही? जिथून पाणी जायचं तिथं बूच, आणि जिथं नको तिथं आठ भोकं. काकांनी बूच काढून अंगणातल्या बाकावर ठेवलं आणि समाधानानं घरी जाऊन चहा घेतला.

रविवारी सकाळी मुलगी तलावाच्या काठावर चटई टाकून बसली. काकांनी आपल्या कयाकला कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः ओढत पाण्यात नेली. जावयानं त्यांना तरंगत ठेवणारं जॅकेट घातलं, वल्हं धरायला शिकवलं.

“बाबा, बसायच्या जागेत पाणी आलं तर घाबरू नका. आपोआप निघून जातं.”

“जाणारच,” काका गालातल्या गालात हसले.

नवशिक्याचं वल्हं जेवढं पाणी मागं सारतं, तेवढंच मांडीवर आणतं. तलावाच्या मध्यावर येईतो काकांची बैठक भिजली. पाणी आपोआप जाईल म्हणून ते थांबले. गळ टाकला. पाणी घोट्यापर्यंत आलं. तेवढ्यात मागं दोरी ताणली गेली, काठी वाकली आणि कयाकचं मागचं टोक हळूहळू खाली जाऊ लागलं.

“जावईबापू, मोठा लागलाय,” काका ओरडले. “होडीच खाली ओढतोय!”

“बाबा, काठी सोडा.”

“सोडू? डोकं ठिकाणावर आहे ना?”

गळ कयाकच्याच मागच्या दोरात अडकला होता. वरचं पाणी खाली तलावात सोडणारी भोकं बुजल्यामुळं ते तिथंच साचलं, त्या वजनानं मागचं टोक दबलं, आणि बूच काढलेल्या छिद्रातून पोकळ पोटात तलाव शिरला. काका जॅकेटच्या जिवावर तरंगत राहिले. काठी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. जावयानं काका आणि कयाक दोन्ही काठाला ओढून आणलं.

काठावर दहा-बारा माणसं जमली होती. जावयानं कयाक उलटी केली, बुजलेली भोकं पाहिली, उघडं छिद्र पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या सगळं लक्षात आलं.

“मागचं बूच कुठंय?” मुलीनं विचारलं.

“राहिलं वाटतं माझ्याकडून लावायचं,” जावई म्हणाला.

“राहिलं? बाबांचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? बाबा म्हणतात ते खोटं नाही. तुझ्या हाताला खरंच वळण नाही.”

आपलंच वाक्य लेकीच्या तोंडून, भर चारचौघांत ऐकताना काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलं असतं तर खपलं असतं. क्षणभर ते गप्प बसलेही, आणि त्या क्षणाची लाज त्यांना बुडण्यापेक्षा जास्त वाटली.

“बूच हे नाही विसरले,” ते म्हणाले. “मी काढलं.”

मुलगी कयाककडे वळली. “आणि पाणी निघून जायची भोकं?”

“बुजवली.”

“सगळी?”

“सगळी.” काकांची मान छातीला टेकली. “जावईबापू, चुकलं माझं. आजवर तुम्हाला जे बोललो, तेही चुकलं.”

“असू द्या, बाबा,” जावई त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाला. “मीच आधी सगळं समजावून सांगायला हवं होतं.”

काका इथं थांबले असते, तर निदान गेलेल्या अब्रूतली थोडी परत आली असती. पण तेहतीस वर्षांची जीभ, ती कसली थांबते.

“तेवढं एक मात्र बघा,” ते हळूच म्हणाले, “त्या आठांतून थेंबसुद्धा आत आला नाही.”